पिकअपच्या हौद्यातून सायकली नेताना: गाडी ठरवण्यापासून उतरवून तपासण्यापर्यंत

ठाणे आणि नवी मुंबईत सायकल चालवणारे आता भरपूर आहेत. पहाटे येऊरच्या चढावर, पामबीच रोडवर, खारघरच्या बाजूला कुठेही गेलात तरी हेल्मेट घातलेले घोळके दिसतात. पण भंडारदरा, माळशेज किंवा लोणावळ्याच्या पलीकडे जायचं ठरलं की शहरातून बाहेर पडण्याचे पहिले चाळीस-पन्नास किलोमीटरच आडवे येतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकल नेता येत नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या अटल सेतूवर सायकल, दुचाकी, रिक्षा यांना प्रवेश नाही. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, पण तोही दोन चाकांसाठी नाही. नाशिकच्या दिशेने उरला नाशिक महामार्ग. माजिवड्यापासून भिवंडी बायपास ओलांडेपर्यंत कंटेनरच्या बाजूने सायकल हाकण्यात कसला आनंद?

म्हणून एक पिकअप ठरवायची, सायकली हौद्यात, माणसं वेगळ्या गाडीत, आणि शहापूर, इगतपुरी किंवा खोपोलीला उतरून पुढे पेडल मारायचं. पाच-सहा जणांचा गट असेल तर हा सगळ्यात सोयीचा आणि खिशाला परवडणारा मार्ग आहे. शिवाय गाडीच्या मागे लावायच्या रॅकवर बहुधा तीनच सायकली बसतात, इथे त्या दुप्पट बसतात.

सायकल हौद्यात पडून मोडली असं क्वचितच घडतं. बहुतेक नुकसान घासून, दबून आणि हादरून होतं. त्याचं कारण गाडीतच आहे. पिकअपचे मागचे पाटे पाऊण टनापासून दीड टनापर्यंत माल पेलण्यासाठी बसवलेले असतात. आपल्या पाच सायकली मिळून साठ-सत्तर किलो. म्हणजे गाडीच्या दृष्टीने हौदा रिकामाच. भरलेली पिकअप खड्ड्यातून दबत जाते, रिकामी उडते. त्या प्रत्येक उडीला पट्टे क्षणभर ढिले पडतात, सायकल अर्धा सेंटीमीटर सरकते, आणि एकीचं पेडल दुसरीच्या रंगावर घासतं. तास-दीड तास हे चाललं की रंगाखालचं ॲल्युमिनियम दिसायला लागतं. तेव्हा सगळी बांधणी एकाच गोष्टीवर लक्ष ठेवून करायची: सायकल हलता कामा नये, आणि तरीही तिच्या नाजूक जागेवर ताण येता कामा नये.

गाडी कोणती घ्यावी

चार सायकलींपर्यंत छोटा हत्ती पुरतो. त्याचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच ते पाच फूट रुंद असतो. सायकल टायरपासून टायरपर्यंत पावणेसहा फुटांच्या आसपास, म्हणजे लांबीत आरामात बसते. एकाआड एक उलटसुलट लावल्या तर सडपातळ हँडलच्या रोड सायकली पाचही बसतात. एमटीबीचं, म्हणजे माउंटन बाइकचं, हँडल सत्तर-पंचाहत्तर सेंटीमीटर रुंद असतं, त्या असतील तर चारावर थांबा. सहा-सात सायकली असतील तर बोलेरो पिकअप घ्या. हिचा हौदा मॉडेलप्रमाणे आठ ते दहा फूट लांब आणि साधारण साडेपाच फूट रुंद. शिवाय मोठी चाकं आणि लांब बैठक यामुळे हायवेला ती कमी उडते. घाट असेल तर चार सायकलींसाठीही मी हीच घेईन.

हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारखी दोन ओळी सीटची पिकअप कुणाकडे असेल तर मामला वेगळा. तिचा हौदा जेमतेम पाच फुटांचा. पुढचं चाक लावलेली सायकल सरळ उभी राहत नाही, पण चाक काढलं की ती साधारण एकशे चाळीस सेंटीमीटरची होते आणि बसते. परदेशात मागच्या फाळक्यावर गादी टाकून पुढची चाकं बाहेर लोंबकळत ठेवण्याची पद्धत आहे, त्याचे फोटो सगळीकडे दिसतात. आपल्याकडे तसं करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ (१ अ) प्रमाणे माल ठरलेल्या मर्यादेपलीकडे गाडीच्या बाहेर डोकावला तर २०,००० रुपये दंड आहे, वर तो माल उतरवण्याचा खर्चही आपलाच. दंड बाजूला ठेवला तरी आपल्याकडे मागची दुचाकी किती चिकटून चालते ते आपण रोज बघतो. तिच्या तोंडासमोर चाक लोंबकळत ठेवायचं नाही.

गाडी ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचारा: हौद्याची आतली लांबी-रुंदी, कठड्याला दोरी बांधायचे हूक शाबूत आहेत का, आणि आदल्या दिवशी काय माल होता. सिमेंट, मासळी किंवा भंगार म्हणाले तर अर्धा तास आधी बोलवा आणि हौदा धुऊन घ्या. आणखी एक, माणसं हौद्यात बसवायची नाहीत. "सायकली धरून बसतो मी मागे" असं गटातला एखादा उत्साही नेहमी म्हणतो. मालवाहू गाडीच्या हौद्यात बसणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विम्याचं संरक्षणही हाती लागत नाही. नोंदणी पुस्तकात जितक्या सीट, तितकीच माणसं केबिनमध्ये.

आदल्या संध्याकाळी

सायकलवरचं सगळं सुटं काढा: बाटल्या, पंप, दिवे, सीटखालची पिशवी, मीटर, मोबाइलचा स्टँड. हौद्यात उडालेली एक बाटली बाकीच्या सायकलींचे स्पोक वाजवत फिरते.

गिअर बदलून ठेवा. मागे दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या चकतीवर आणि पुढे मोठ्या चकतीवर चेन आणा. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, त्यामुळे आत, चाकाच्या आडोशाला जातो. पुढच्या मोठ्या चकतीचे दात चेनखाली झाकले जातात आणि शेजारच्या सायकलला ओरबाडत नाहीत. मागे सगळ्यात मोठी चकती सांगत नाही, कारण चेन आखूड असेल तर मोठी-मोठी जोडी ताणली जाते.

पेडल काढणं उत्तम. पंधराचा पाना किंवा आतल्या बाजूने सहा-आठची ॲलन की लागते. पेडलच्या बाजूने, म्हणजे बाहेरून बघितलं तर उजवं पेडल नेहमीसारखं डावीकडे फिरवून सुटतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते उजवीकडे फिरवून सोडवायचं. जोर लावूनही हलत नसेल तर आधी दिशा तपासा. काढायची नसतील तर पेडलवर जुने मोजे चढवा आणि वर रबर लावा. मोजे फुकटचे आणि कामाला एकदम चोख.

साइड स्टँड असेल तर तो वर करून बांधून टाका. चालत्या हौद्यात सायकल स्टँडवर उभी करायची नाही. स्टँडची नळी फ्रेमच्या एकाच बिंदूवर दाब देते आणि दोन-चार खड्ड्यांत तिथला बोल्ट सैल होतो. इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी काढून केबिनमध्ये ठेवा. ती सायकल वीस-पंचवीस किलोची असते, तिला सगळ्यात पुढे, केबिनच्या भिंतीलगत जागा द्या.

प्रत्येक सायकलचा एक फोटो काढा आणि पेडलच्या आसाखाली कोरलेला फ्रेम नंबरही टिपून घ्या. चोरी झाली तर पोलिसांत द्यायला आणि घासली तर आधीची खूण होती की नाही ते ठरवायला, दोन्हीला उपयोगी.

सामान असं गोळा करा. दाब-बकलचे पट्टे, म्हणजे ओढलं की घट्ट होणारे आणि अंगठ्याने सोडायचे, सायकलमागे दोन. रॅचेटचे, म्हणजे दांडा मारून आवळायचे, पट्टे दोनच, तेही फळीसाठी (ती पुढे सांगितली आहे). रॅचेटचा दांडा दोन वेळा जास्त मारला तर किती जोर गेला ते हाताला कळतच नाही, आणि सायकलची नळी तेवढ्याने चेपते. जुन्या सायकल ट्यूब मिळतील तितक्या. पंक्चरवाल्याकडे मागितल्या की पिशवीभर देतो. एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोमचा पाइप, दहा-बारा फूट, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. उभा चिरला की फ्रेमवर टोपीसारखा चढतो. गोणपाट किंवा जुनी सतरंजी, आणि दोन जाड रबरी चटया. थर्माकोल नको. तो घासून भुगा होतो आणि चेनमध्ये जाऊन बसतो.

हूक लावलेली लवचीक दोरी बरेच जण भरवशाने आणतात. चाकं किंवा ताडपत्री आवरायला ती ठीक, पण सायकल तिच्यावर सोपवू नका. ताणली जाणारी वस्तू धक्क्याला ताणलीच जाणार. तिचा हूक सुटून डोळ्याला लागतो तो धोका वेगळाच.

हौद्याची तयारी

आधी झाडू. खिळे, काचा, सुतळीचे तुकडे, खडी. हौद्याच्या पत्र्याला उंचवटे असतात, त्यांच्यावर टायर बसला की सायकल तिरकी राहते. म्हणून खोलगट पन्हाळीत टायर येईल अशी आखणी करा. वर रबरी चटई अंथरा. तिची पकड असते, गोणपाट पत्र्यावर घसरतं. गोणपाट कठड्यांना आणि केबिनच्या भिंतीला लावायचं, जिथे हँडलची टोकं आणि पेडल टेकणार तिथे.

मग हूक हलवून बघा. वरून रंगवलेला पण आतून गंजलेला हूक हाताने पिळला की लगेच कळतो. खाडीलगतच्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे हूक हटकून बघावेत.

उभ्या लावायच्या, आडव्या टाकायच्या नाहीत

ड्रायव्हरदादांची पहिली सूचना बहुधा अशी असते: "एकावर एक झोपवू, वर दोरी मारू, काय होत नाही." त्यांनी आयुष्यभर पोती आणि फर्निचर नेलंय, त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. पण सायकल उजव्या कुशीवर झोपवली की मागचा डिरेलर तिच्या वजनाखाली येतो आणि तो ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो ती हँगरची पट्टी वाकते. डाव्या कुशीवर झोपवली तर डिस्क ब्रेकची चकती खाली. दोन मिलिमीटरहूनही बारीक ती चकती जराशी वाकली तरी पूर्ण रस्ताभर खर्र खर्र घासत राहते. एकच सायकल असेल आणि जागाच नसेल तर चेनची बाजू वर करून, खाली जाड गादी घालून झोपवा. दोन असतील तर उभ्याच.

दिशा गाडीच्या लांबीतच ठेवा. ब्रेक लागला की सायकल पुढे जाऊ बघते. ती लांबीत उभी असेल तर पुढचं चाक केबिनच्या भिंतीला टेकतं आणि तिथेच विषय संपतो. रुंदीत उभी असेल तर तोच धक्का तिला कुशीवर पाडतो आणि ती शेजारणीला घेऊन पडते. माल बांधण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांत पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे निम्म्या वजनाइतका जोर धरून बांधणी करतात. पाच सायकलींचे पासष्ट किलो धरले तर जोराच्या ब्रेकला बावन्न किलोचा रेटा पुढे येतो. एक माणूस अंगावर यावा तसा. तो पट्ट्यांनी नव्हे, भिंतीने झेलावा, हे लांबीत लावण्याचं खरं कारण.

पहिली सायकल डाव्या कठड्यालगत, तोंड केबिनकडे. दुसरी तिच्या उलट, तोंड मागच्या फाळक्याकडे. तिसरी पुन्हा पुढे. यामुळे एकीचं हँडल दुसरीच्या सीटच्या वरून किंवा खालून जातं आणि रुंदी वाचते. अडत असेल तर सीट वर-खाली करा, पण आधी सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीने मूळ उंचीची खूण करून ठेवा. नाहीतर उतरल्यावर प्रत्येक जण गुडघा धरून आपली उंची शोधत बसतो. उलट्या लावलेल्या सायकलचं मागचं चाक भिंतीपर्यंत पोचेल असं सरकवा.

बांधणं

इथे घाई करू नका. पाच सायकलींना पाऊण तास लागतो आणि तो लागू द्यावा.

आधी चाकं बंद करा. पुढचा ब्रेक दाबून लिव्हरभोवती ट्यूबचा तुकडा गुंडाळा, म्हणजे चाक फिरणार नाही. मागच्या चाकाला फ्रेमच्या खालच्या नळीशी ट्यूबने धरा. पेडल मारल्यासारखी क्रँक, म्हणजे पेडल ज्यावर बसतं तो दांडा, फिरू नये म्हणून डावी क्रँक मागच्या नळीला समांतर आणून तिथेही एक फेरा.

पट्टा कुठे लावायचा? सायकलवर अशा तीन जागा आहेत ज्या ताण सोसण्यासाठीच घडवलेल्या असतात: पुढच्या फोर्कचा खांदा, म्हणजे चाकाच्या वर दोन पाय एकत्र येतात ती जागा, सीटच्या खालचे लोखंडी रूळ, आणि दोन्ही चाकांचे आस. चाकाला रिमजवळ धरलं तरी चालतं, स्पोकला नको. वरच्या आडव्या नळीवरून पट्टा ओढून दोन्हीकडे आवळणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट प्रकार. ती नळी मधोमध फार पातळ असते. रस्त्यावर बसणारा भार तिच्या लांबीत जातो, वरून दाबण्यासाठी ती बनवलेलीच नाही.

प्रत्येक सायकलला पुढे दोन पट्टे: फोर्कच्या खांद्यातून एक डाव्या हुकाकडे, एक उजव्या हुकाकडे, दोन्ही तिरके, पंचेचाळीस अंशांच्या आसपास. सरळ खाली ओढलेला पट्टा उडी रोखतो पण डोलणं रोखत नाही, आडवा ओढलेला डोलणं रोखतो पण उडी नाही. तिरका दोन्ही करतो. मागच्या बाजूला सीटच्या रुळांना ट्यूबचा दुहेरी फेरा घालून शेजारच्या सायकलच्या फोर्कला जोडा. ती उलटी उभी आहे, त्यामुळे हिची सीट आणि तिचा फोर्क शेजारी येतात. असं करत गेलं की पाचही सायकली मिळून एक गठ्ठा होतो. सुटी सायकल डोलते, गठ्ठा डोलत नाही. गठ्ठ्याच्या दोन्ही कडांना कठड्याशी पक्कं केलं की मधल्यांना आपोआप आधार मिळतो.

पट्टा ओढताना टायर जरासा दबलेला दिसला की थांबा. पुढचा शॉक असलेल्या एमटीबीला लॉकआउट, म्हणजे शॉक जागच्या जागी बंद करायची कळ, असेल तर ते लावून मग ओढा, नाहीतर शॉक खाली-वर होऊन पट्टा सैल पडत राहील. चपटा पट्टा हुकाला लावण्याआधी त्याला एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो, थरथरतो आणि त्या थरथरीनेच बकल मागे सरकतं. एका पिळाने तो गप्प होतो. उरलेली शेपटी गुंडाळून ट्यूबने बांधा. ती चाकाखाली लोंबली तर गाडीच्या टायरमध्ये जाऊन सगळी बांधणी उपसून काढेल.

पट्टे कमी पडले तर दोरी. इथे ड्रायव्हरदादांना पुढे करा, कारण टेम्पोवाल्यांची गाठ आपल्यापेक्षा त्यांना कितीतरी चांगली जमते. "दादा, आवळायचं तुम्ही, कुठे आवळायचं ते मी सांगतो" एवढं म्हटलं की काम खुशीने होतं. गाठ स्वतः शिकायची असेल तर अशी: दोरीचं एक टोक एका बाजूच्या हुकाला निरगाठीने पक्कं करा. दोरी सायकलवरून पलीकडे न्या. पलीकडच्या हुकापासून हातभर अलीकडे दोरीला पीळ देऊन एक वळसा करा, आणि मोकळ्या बाजूच्या दोरीचा एक पदर त्या वळशातून चिमटीने ओढून फास तयार करा. आता मोकळं टोक हुकाखालून घालून वर आणा, त्या फासातून ओवा आणि खाली ओढा. फास कप्पीचं काम करतो, म्हणून हाताच्या जोरापेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. ताण आला की ओवलेली जागा चिमटीत घट्ट दाबून धरा आणि खाली दोन अर्ध्या गाठी मारा. दुसरी अर्धी गाठ सुरगाठ ठेवा, म्हणजे उतरवताना एका झटक्यात सुटेल. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दोरीत ही गाठ सरकते, काथ्याची किंवा सुती विणीची दोरी बरी. नायलॉन भिजलं की ताणतं, पावसाळ्यात त्याचा भरवसा धरू नका.

बांधून झालं की हौद्यात उभं राहून प्रत्येक सायकलची सीट धरून जोराने हलवा. सायकल हलली की गाडी हलायला हवी. सायकल हलते आणि गाडी जागेवर असं होत असेल तर तो पट्टा पुन्हा. मग वाकून नळ्या एकमेकींना कुठे टेकतात ते बघा आणि प्रत्येक ठिकाणी फोमचा तुकडा घालून त्याला चिकटपट्टी लावा. नुसता खुपसलेला फोम पहिल्या गतिरोधकालाच खाली पडतो.

पुढचं चाक काढून फळीवर

वारंवार जाणाऱ्या गटाने ही फळी करून ठेवावीच. चार इंच रुंद, दोन इंच जाड लाकडी पट्टी, हौद्याच्या आतल्या लांबीपेक्षा दोन-तीन इंच कमी. तिच्यावर फोर्क धरणारे ब्लॉक स्क्रूने बसवायचे, एकमेकांपासून पस्तीस ते चाळीस सेंटीमीटरवर. पुढचं चाक काढून फोर्कचे पाय ब्लॉकमध्ये अडकवले आणि क्विक रिलीज, म्हणजे हाताने उघड-बंद करायचा आसाचा दांडा, बंद केला की सायकल दोन बाजूंना हलतच नाही. मागच्या चाकाला खाली एक पट्टा पुरतो. बोलेरोच्या हौद्यात अशा सायकली रुंदीतही बसतात, आणि लांब हौद्यात सात उभ्या राहू शकतात. वर रुंदीत लावू नका म्हटलं ते नुसत्या पट्ट्यांच्या बांधणीबद्दल. इथे फोर्क लाकडाला पकडलेला असतो, म्हणून चालतं.

साध्या क्विक रिलीजच्या फोर्कला शंभर मिलिमीटरचा ब्लॉक लागतो. डिस्क ब्रेकच्या नव्या सायकलींना थ्रू-ॲक्सल, म्हणजे फोर्कमधून आरपार जाणारा जाड आस, असतो, रोडला बहुधा बारा मिलिमीटर, एमटीबीला पंधरा, आणि त्यांना वेगळा ब्लॉक किंवा ॲडॅप्टर लागतो. फळी बनवण्याआधी गटातल्या प्रत्येकाच्या फोर्कचं माप घ्या. भाड्याच्या गाडीला भोक पाडता येत नाही, म्हणून फळीच्या दोन्ही टोकांना रॅचेट पट्टे घालून ती हौद्याच्या हुकांना आवळायची. रॅचेट इथे शोभतो, लाकडाला जोर सोसतो.

हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचं चाक काढलं की ब्रेकच्या पॅडमध्ये लगेच घडी घातलेला पुठ्ठा खुपसा. चढवता-उतरवताना कुणाचा तरी हात लिव्हरवर पडतोच. मध्ये चकती नसेल तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग चाक परत बसत नाही. काढलेल्या चाकांवर मालकाच्या नावाची चिकटपट्टी लावा. चाकं उशांच्या खोळीत घालून केबिनमध्ये किंवा माणसांच्या गाडीत न्या, हौद्यात ठेवायचीच असतील तर चकत्या बाहेरच्या बाजूला करून उभी बांधा. आस आणि स्प्रिंगा एका डब्यात.

कार्बनची सायकल असेल तर

कार्बन ताणाला भक्कम असतं, चिमटीत दाबलं तर तडकतं. आणि तडा रंगाखाली लपतो. म्हणून कार्बनच्या नळीवर पट्टा, दोरी, रॅकची पकड, काहीही नाही. कार्बनचा सीटचा दांडाही त्यातच आला. तिला फळीवरच न्यावं. फळी नसेल तर गठ्ठ्याच्या मध्यभागी ठेवा आणि फक्त चाकांनी व सीटच्या रुळांनी धरा. रुळही कार्बनचे असतील तर फक्त चाकांनी. वर दुसऱ्या सायकलचं काहीही टेकू देऊ नका.

पाऊस आणि ऊन

जून ते सप्टेंबर ताडपत्री लागतेच. ती सायकलींवर थेट टाकू नका. फडफडणारी ताडपत्री रंगावर पॉलिश पेपरसारखी चालते, आणि तिच्या कडेच्या पितळी कड्या फ्रेमवर ठोके देतात. उंच कठड्याची किंवा वर कमान असलेली गाडी मिळाली तर ताडपत्री कमानीवर ताणा. नसेल तर सीट आणि हँडलवर आधी सतरंजी, मग ताडपत्री, आणि कडा कठड्याबाहेरच्या हुकांना. मे महिन्यात उलटा त्रास. झाकलेला हौदा तापतो, म्हणून टायरमधली हवा थोडी कमी करून निघा आणि पंप सोबत ठेवा.

वाटेत

निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर एकदा थांबायचंच. पट्टे बसतात, फोम दबतो, गाठी आवळल्या जातात, आणि सगळं अर्धा-एक इंच ढिलं होतं. ठाण्याहून नाशिककडे जाताना माणकोलीच्या आसपास एखादा पेट्रोल पंप बघून थांबा, म्हणजे पुढच्या खडबडीत पट्ट्याआधी सगळं पुन्हा ओढता येईल. नवी मुंबईहून पुण्याकडे जाताना कळंबोलीच्या आधी. द्रुतगती मार्गावर कडेला गाडी लावून पट्टे ओढणं जिवावरचं आहे. तिथे थेट खालापूरच्या फूड मॉलला बघा, मग घाट चढा. पहिल्या थांब्याला नीट ओढलेले पट्टे दुसऱ्यांदा फारसे सैल होत नाहीत.

ड्रायव्हरला साठच्या आसपास चालवायला सांगा आणि गतिरोधकावर तिरकं न जाता सरळ, सावकाश घ्यायला सांगा. माणसांची गाडी पिकअपच्या मागे ठेवा, पुढे नको. मागून सगळं दिसतं: डोलणारी सायकल, सुटलेली शेपटी, उडालेलं गोणपाट.

चहाला थांबलात तर एक जण हौद्याजवळ. सगळ्या सायकलींच्या फ्रेममधून एक लांब साखळी ओवून ती कठड्याच्या हुकाला कुलूपबंद करा. साखळीवर जुनी ट्यूब चढवलेली असावी, नाहीतर तीच घासते. रात्रभर सायकली हौद्यात ठेवायची वेळ आली तर मी तरी त्या उतरवून खोलीत नेईन.

उतरवल्यावर

शेवटी चढवलेली आधी. पट्टा सोडण्याआधी एकाने सायकल धरायची, गठ्ठ्यातली एक सुटली की शेजारची कलते.

पुढचं चाक बसवताना सायकल जमिनीवर उभी ठेवून बसवा, म्हणजे आस दोन्ही बाजूंना नीट खोबणीत जातो. क्विक रिलीजचा दांडा बंद करताना तळहातावर वळ उठायला हवा, तितका घट्ट. पुठ्ठा काढून ब्रेकची लिव्हर दोन-चार वेळा दाबा, ती हँडलपर्यंत जात असेल तर तशी चालवू नका. चाक उचलून फिरवा आणि चकती घासण्याचा आवाज येतो का ऐका.

मग मागे जाऊन उभे राहा आणि डिरेलरकडे बघा. त्याच्या दोन छोट्या चकत्या आणि वरची मागची चकती एका उभ्या रेषेत दिसायला हव्यात. खालची आत कललेली दिसली तर हँगर वाकला आहे. ही तपासणी कुणीही टाळू नये. हँगर वाकलेला असताना चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला की डिरेलर स्पोकमध्ये शिरतो. चाक अडकतं, डिरेलर तुटतो, आणि कसाऱ्याच्या अर्ध्या घाटात त्याला इलाज नसतो. वाकलेला दिसला तर त्या दिवशी मागच्या मोठ्या दोन-तीन चकत्या वापरू नका आणि घरी आल्यावर दुकानात सरळ करून घ्या. गटात फिरताना प्रत्येकाने आपल्या सायकलचा एक जादा हँगर पिशवीत ठेवावा. त्याचा आकार सायकलगणिक वेगळा असतो, दुसऱ्याचा बसत नाही.

शेवटी हँडल पुढच्या चाकाशी काटकोनात आहे का बघा, सीट खुणेवर आणा आणि मोकळ्या जागेत एक चक्कर मारून सगळे गिअर टाकून बघा. पाच मिनिटं लागतात.

परतीला सायकली चिखलाने भरलेल्या असतात आणि सगळे दमलेले असतात. बहुतेक ओरखडे याच फेरीत पडतात, कारण फोमखाली अडकलेला चिखल रंग खरवडतो. पट्टा आणि फोम जिथे बसणार तेवढ्या जागा ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि बांधणी सकाळसारखीच पूर्ण करा. घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी चेन कोरडी पुसून तेल घाला. पावसात हौद्यातून आलेली चेन दोन दिवस तशीच राहिली तर आपल्या खाऱ्या हवेत तिला गंज चढतोच.